आज्ञाधारक दिवा आणि दोषाचा प्रश्न

घरातील एखादी वस्तू बिघडली म्हणजे ती दुरुस्त कशी करावी, हा प्रश्न वास्तविक प्रथम सुचावयास हवा. परंतु बहुतेक घरांतून त्याच्याही आधी जो प्रश्न उच्चारला जातो तो 'कोणी केले हे?' असा असतो. बरणीला तडा गेला, घड्याळ थांबले, नळ गळू लागला, की प्रथम आरोपी शोधावयाचा व मग कारण, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे की त्यात काही उलटेपणा आहे हे ध्यानातही येत नाही. जुन्या वस्तूंच्या बाबतीत ह्या सवयीने फारसा अनर्थ होत नसे. बरणी फुटली तर ती कोणाच्या तरी हातून फुटलेली असावयाचीच. आरोपी व कारण ही दोन्ही बहुधा एकाच ठिकाणी सापडत. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत मध्यम वर्गाच्या घरांत ज्या नव्या वस्तूंनी प्रवेश केला आहे, म्हणजे वायफायवरून आज्ञा घेणारे दिवे, प्लग, कॅमेरे, दाराच्या घंटा, कुलपे, त्यांच्या बाबतीत ही दोन ठिकाणे एकमेकांपासून फार दूर गेली आहेत. सवय मात्र जुनीच राहिली आहे. ह्या अंतरातून एक नैतिक प्रश्न उत्पन्न होतो आणि त्याचाच येथे थोडा विचार करावयाचा आहे.

साध्या दिव्याचा व्यवहार सरळ असतो. भिंतीवरील बटण दाबले की मंडल पुरे होते, तारेतून प्रवाह वाहतो व दिवा लागतो. न लागला तर दिवा गेला, बटण गेले किंवा वीज गेली, ह्यांपलीकडे चौथी शंका घेण्याचे कारण क्वचितच पडते, आणि ह्या तिन्ही शंका शाळकरी मुलालाही पाच मिनिटांत फेडता येतात. 'स्मार्ट' म्हणून विकल्या जाणाऱ्या दिव्याचे तसे नाही. त्याला प्रथम घरातील वायफायचे नाव व पासवर्ड कोणी तरी सांगावा लागतो. ते ऐकून तो राउटरच्या दाराशी जातो; राउटर त्याची ओळख पटवून घेतो व त्याला एक आकडी पत्ता देतो. तो पत्ता मिळाल्यावर दिवा घराबाहेर पडतो, दिवा करणाऱ्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरकडे जाऊन आपली हजेरी लावतो आणि तेथून येणाऱ्या हुकमाची वाट पाहत राहतो. आपण कोचावर बसून मोबाइलवर बोट टेकवितो तेव्हा आपली आज्ञा समोरच्या दिव्याकडे सरळ जाते असा आपला समज असतो. पण पुष्कळ दिव्यांच्या बाबतीत ती आधी त्या सर्व्हरकडे, कदाचित दुसऱ्या देशात, जाते आणि तेथून फिरून आपल्याच दिवाणखान्यात परत येते. अंगणातल्या गड्याला हाक मारण्यासाठी परगावच्या सावकाराला तार करावी, त्यातला हा प्रकार आहे. ह्या साखळीतील कोणताही दुवा निखळला तरी कोचावरच्या माणसाला दिसते ते एकच: दिवा ऐकत नाही.

आता ह्यांतील अगदी नेहमीचे उदाहरण घेऊ. घरगुती राउटरमधून वायफायच्या लहरी बहुधा दोन पट्ट्यांत निघतात, एक २.४ गिगाहर्ट्झचा व दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. आपल्या देशात पहिला पट्टा २००५ साली व दुसऱ्याचा बराचसा भाग २०१८ साली परवान्याच्या अटीतून मोकळा झाला. पहिल्याच्या लहरी भिंती ओलांडून अधिक दूर पोचतात, पण तेथे गर्दी फार. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची उपकरणे आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह अशी सारी मंडळी त्याच आळीत दाटीवाटीने नांदत असतात. दुसरा पट्टा वेगवान, परंतु काँक्रीटच्या एकदोन भिंतींतच दमणारा. स्वस्त दिव्यांत व प्लगांत जी चिप बसविलेली असते तिला बहुधा पहिलाच पट्टा कळतो. कारण तशी चिप स्वस्त पडते आणि दिव्याला वेगाची गरजही नसते. मोबाइलला मात्र दोन्ही पट्टे कळतात व राउटर जवळ असला की तो बहुधा वेगवान पट्टा पसंत करतो. जोडणीच्या एका पद्धतीत मोबाइल वायफायचे नाव व पासवर्ड सांकेतिक रीतीने जणू हवेतच उच्चारतो आणि दिव्याने तो कान देऊन ऐकावयाचा असतो. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर बोलत असेल तर तो उच्चार दिव्याच्या कानीच पडत नाही. दोघेही एकाच खोलीत, एकाच घरच्या वायफायच्या एकाच नावाखाली, आणि तरी परस्परांना बहिरे!

येथे दोष कोणाचा म्हणावयाचा? दिवा निर्दोष आहे. जुना राउटर असलेल्या शेजाऱ्याच्या घरी नेला तर तो निमूटपणे जोडला जातो. राउटर निर्दोष आहे; घरातील इतर दहा उपकरणे त्याच्यावर सुखाने चालली आहेत. मोबाइलने तर जो उत्तम मार्ग दिसला तोच पत्करला. आपल्याकडील नैयायिकांनी संयोग हा गुण एका द्रव्यात राहत नाही, दोन द्रव्यांत मिळून राहतो असे मानले आहे. त्याच धर्तीवर बोलावयाचे तर हा बिघाडही दिव्यात राहत नाही व राउटरमध्येही राहत नाही. तो त्या दोघांत मिळून राहतो. नवराही भला व बायकोही भली, आणि तरी संसार काही होत नाही, अशी उदाहरणे आपण पाहतोच. तेथेही नातलग मंडळी दोघांपैकी एकाला दोषी ठरविल्याशिवाय उठत नाहीत.

यंत्रांना मात्र असा विचार ठाऊक नसतो. जोडणी फसली की मोबाइलच्या पडद्यावर जी वाक्ये उमटतात ती नीतिशास्त्राच्या दृष्टीने मोठी पाहण्यासारखी असतात. 'काही तरी चुकले आहे, पुन्हा प्रयत्न करा' हे त्यांतले सर्वांत सभ्य. आपल्या भाषेत 'मी कप फोडला', 'माझ्या हातून कप फुटला' आणि 'कप फुटला' ह्या तीन वाक्यांत जबाबदारीच्या तीन पायऱ्या आहेत. ह्यांपैकी तिसरे वाक्य लहान मूल किती लवकर शिकते हे कोणत्याही आईला विचारावे. यंत्र स्वतःविषयी नेहमी हे तिसरे वाक्य बोलते. परंतु त्याहून वाईट ते दुसरे: 'पासवर्ड चुकीचा आहे.' राउटर व दिवा ह्यांच्यातील ओळखीची देवघेव कोणत्याही कारणाने अर्ध्यावर तुटली, तरी कित्येक उपकरणे हेच एक वाक्य पुढे करतात. येथे कर्ता उच्चारलेला नसला तरी तो कोण हे स्पष्ट आहे, पासवर्ड लिहिणारा! तो बिनचूक असतो आणि तरी तो चूक म्हणून परत येतो. सत्तरीची गृहिणी चष्मा पुसून तीच अक्षरे सहाव्यांदा लावते आणि शेवटी म्हणते, "माझंच काही तरी चुकत असेल." हे वाक्य आम्हांस फार अस्वस्थ करते. जिने चाळीस वर्षे घरखर्चाची वही लिहिली आणि महिनाअखेर पैचाही घोळ होऊ दिला नाही, तिच्यावर बोटाच्या पेराएवढ्या चिपने खोटा आरोप करावा, आणि तिने तो मुकाट्याने पदरात घ्यावा, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आरोप मान्य झाल्यावर प्रायश्चित्त आलेच. ते म्हणजे बंद करून पुन्हा चालू करणे. ह्या विधीची थट्टा करण्याची पद्धत आहे, परंतु तो निव्वळ खुळेपणा नव्हे. राउटर बंद केला की त्याच्या स्मृतीत साचलेला गोंधळ नाहीसा होतो, पत्ते नव्याने वाटले जातात आणि लहरींची वाटही नव्याने निवडली जाऊ शकते. त्यामुळे पुष्कळदा काम होते हे खरे. अडचण निराळीच आहे. काम झाले, पण ते कशाने झाले हे कळले नाही. राउटर पुन्हा चालू होईपर्यंत शेजारच्या घरातील मायक्रोवेव्हही बंद झाला असेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, इतकेच. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ दिवा तीनदा चालू व तीनदा बंद केल्यावाचून जोडणीस बसत नाहीत आणि त्यांच्या श्रद्धेला अनुभवाचा भरपूर आधार आहे! कुंभाराच्या गाढवाने माती वाहून आणली तरी त्याला घटाचे कारण म्हणू नये, असे तर्कशास्त्राच्या प्रारंभीच आपल्याकडे शिकविले जात असे. परंतु गाढव प्रत्येक वेळी दाराशी उभे दिसले म्हणजे विद्वानांचाही धीर सुटतो. खोट्या कारणाला श्रेय दिल्याने नुकसान होते ते फक्त ज्ञानाचे. खोट्या कारणाला दोष दिला म्हणजे नुकसान माणसाचे होते, आणि आमचा मुख्य मुद्दा येथे आहे.

पुण्यातील एका कुटुंबात घडलेली हकीकत आम्हांस चांगली ठाऊक आहे. घरात वृद्ध पती-पत्नी, मुलगा परदेशी. त्याने दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आला असता देवघरात, जिन्यात व न्हाणीघराच्या वाटेवर वायफायचे दिवे बसवून दिले होते, हेतू हा की संध्याकाळी ते आपोआप लागावेत व रात्री आईवडिलांना अंधारात चाचपडावे लागू नये. एके दुपारी नेटवाल्या कंपनीचा माणूस येऊन जुन्या राउटरच्या जागी नवा बसवून गेला. मुलाने फोनवरून त्याच्याकडून जुनेच नाव व जुनाच पासवर्ड घालून घेतला. टीव्ही, दोन्ही मोबाइल व दारावरचा कॅमेरा ताबडतोब चालू झाले आणि सर्वांनी समाधान मानले. चार वाजता कामवाल्या मावशी आल्या, त्यांनी टीव्हीच्या कपाटामागचा केर काढला व त्या गेल्या. सात वाजता दिवे लागले नाहीत.

मुलाचा पहिला प्रश्न, "आई, कोणी काही हलवलंय का?" आता कपाटामागे हात घालणारी व्यक्ती त्या दिवशी एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींना विचारणा झाली. "मावशी, तुम्ही मागची वायर ओढलीत का?" "नाही हो आजी, मी नुसता झाडू फिरवला." "मग दिवे का लागत नाहीत?" ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या बाईने देणे सर्वांत अशक्य होते तिलाच तो विचारला गेला. तिने कधी तो पासवर्ड ऐकलेला नव्हता. दिव्याचा व त्या काळ्या खोक्याचा काही संबंध आहे हेही तिला त्या दिवशीच कळले. पुढे तीन दिवस कपाटामागे हात लावावयाचा नाही अशी ताकीद राहिली, आणि आजोबा रात्री काठी टेकीत मोबाइलच्या उजेडात न्हाणीघराकडे जात राहिले.

चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरील अभियांत्रिकीच्या वर्गातील एक मुलगी सहज आली असता तिने जे केले ते जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात मांडलेल्या व्यतिरेकाच्या पद्धतीचे इतके सुरेख उदाहरण आहे की वर्गात सांगण्यास आम्हांस दुसरे शोधावे लागू नये. तिने नवा राउटर बंद केला आणि स्वतःच्या मोबाइलवरून तेच नाव व तोच पासवर्ड घालून, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जुन्या पद्धतीच्या सुरक्षेचे वायफाय सुरू केले. दोन मिनिटांत तिन्ही दिवे एकामागून एक जोडले गेले. नाव तेच, पासवर्ड तोच, दिवे तेच, जागा तीच. बदलला तो फक्त राउटर. तेव्हा कारण राउटरच्या वागण्यातच असले पाहिजे. तिने राउटर पुन्हा चालू करून त्याची मांडणी उघडली. त्यात जुनी सुरक्षा व २०१८ साली जाहीर झालेली नवी सुरक्षा ह्या दोन्हींची मिश्र योजना होती. नव्या उपकरणांना ती मानवते, पण काही जुन्या चिपांना तिचा अर्थ लागत नाही व त्या दाराशीच थबकतात. तिने मिश्र योजना काढून जुनी ठेवली. दिवे लागले.

हे सर्व कौतुकास्पद आहे, आणि त्या घरी त्या मुलीचे कौतुक झालेही. चहा झाला, परदेशी मुलाने फोनवर आभार मानले. परंतु मावशींना कोणी काही सांगितले नाही. त्यात दुष्टपणा नव्हता. ती दोघे भली माणसे आहेत, दिवाळीला एका महिन्याचा पगार जादा देणारी आहेत. दिवे लागताच प्रश्न संपला असे त्यांना वाटले, एवढेच. आरोप मोठ्याने उच्चारला गेला होता. निर्दोषतेचा निवाडा मात्र मनातल्या मनात झाला, आणि जिच्याविषयी झाला तिच्यापर्यंत तो पोचला नाही. न्यायाधीशाने आरोपीला सोडून द्यावे, पण त्याला ते कळवू नये, असे न्यायालयात घडले तर आपण काय म्हणू?

ह्या हकीकतीत दोषाने जी वाट धरली ती नीट पाहण्यासारखी आहे. चिप बनविणारा, नवा राउटर बनविणारा, मिश्र योजना मूळचीच घालून ठेवणारा, दुपारी येऊन दिवे न तपासता जाणारा, दूर देशातून सूचना देणारा मुलगा, आणि घरातील वृद्ध जोडपे, इतक्या सर्वांना वळसा घालून दोष जाऊन थांबला तो झाडू मारणाऱ्या बाईपाशी. पाणी जसे उताराकडे धावते तसा दोष धावतो. नेटवाल्याला फोन करावा तर तो म्हणतो, आमची सेवा चालू आहे, दिव्याच्या कंपनीला विचारा. दिव्याच्या कंपनीला विचारावे तर ती म्हणते, तुमचा राउटर तपासा. दोघेही अक्षरशः खरे बोलत असतात. मध्ये जे उरते ते घर, आणि घरात जो सर्वांत कमी जाणतो तो सर्वांत लवकर सापडतो; कारण 'मी केले नाही' ह्यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही.

आणि येथे एक विलक्षण उपरोध आहे. ॲरिस्टॉटलने 'राज्यशास्त्र' ह्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात गुलामगिरीचे समर्थन करताना एक कल्पना केली आहे: जर हत्यारे मालकाची आज्ञा ऐकून, किंवा ती आधीच ओळखून, आपापले काम करू लागली, धोटा आपोआप विणू लागला, तर धन्याला दासाची गरज उरणार नाही. दास म्हणजे त्याच्या मते सजीव हत्यार. हत्यार सजीव झाले की दास सुटला. त्याच्या डोळ्यांपुढे ग्रीक पुराणकथांतील आपोआप चालणारी तिवई होती. आपल्याकडे ती बाजारात मिळू लागली आहे. परंतु सुटका काही झाली नाही. केर काढणारी बाई होती तेथेच आहे, आणि तिच्यावर आता ह्या नव्या आज्ञाधारक दासाच्या अवज्ञेचा आरोप मात्र जादा आला आहे.

शिवाय हा नवा दास खरोखर आज्ञाधारक तरी कोणाचा? वर सांगितलेल्या प्रकरणात कारण निदान घराच्या चार भिंतींत होते. कित्येकदा ते तेथेही नसते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी इंटरनेटवरील विश्वासपत्रांच्या साखळीतील एका फार वापरात असलेल्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. ज्या जुन्या उपकरणांतील विश्वासू नावांची यादी कधी सुधारलीच गेली नव्हती त्यांपैकी काहींनी त्या दिवसापासून आपल्याच सर्व्हरला ओळख देण्याचे नाकारले. घरात कोणी बोटही लावले नव्हते. फक्त दिनदर्शिकेचे एक पान उलटले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनियामधील ॲमेझॉनच्या सर्व्हरसमूहात नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेत बिघाड झाला. तेवढ्याने कित्येक घरांतील दारावरचे कॅमेरे मुके झाले आणि तापमान राखणाऱ्या महागड्या गाद्याही मालकांच्या आज्ञेबाहेर गेल्या. त्या दिवशीही कित्येक घरांत कोणी तरी 'तू काय केलंस?' असे विचारले असेल, अशी आमची कल्पना आहे.

ह्याहून गंभीर प्रकरणे आहेत ती जाणूनबुजून केलेल्या कृत्यांची. रिव्हॉल्व्ह नावाचे घरातील उपकरणांचे नियंत्रण करणारे यंत्र सुमारे ३०० डॉलरांना विकले गेले होते व त्याबरोबर आजन्म सेवेचे आश्वासन होते. ती कंपनी २०१४ साली नेस्टने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिची सेवा बंद करून टाकली. यंत्रे धडधाकट होती. त्यांचा प्राण काढून घेतला गेला. 'आजन्म' ह्या शब्दात जन्म कोणाचा, ह्याचा खुलासा त्या वेळी झाला. इन्स्टिऑन ह्या जुन्या अमेरिकन कंपनीने तर एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकांना पूर्वसूचना न देताच सर्व्हर बंद केले. लोकांनी नेहमीप्रमाणे समजूत करून घेतली की बिघाड आपल्याच घरात आहे, आणि ते निदानाला बसले. तेव्हा जाणत्यांना ओरडून सांगावे लागले की यंत्र मुळापासून रीसेट करू नका. कारण नव्याने जोडणी करण्यास तोच सर्व्हर लागतो, आणि तो तर आता नाही. म्हणजे निष्ठावंत ग्राहकाने विहित प्रायश्चित्त घ्यावे आणि त्या प्रायश्चित्तानेच वस्तू कायमची गमवावी! पुढे जून २०२२ मध्ये त्याच कंपनीच्या काही ग्राहकांनी मिळून तिची मालमत्ता विकत घेतली व सर्व्हर पुन्हा चालू केले.

येथपर्यंत आलेला वाचक म्हणेल की कारण जर इतके विखुरलेले आहे तर दोष कोणालाच देता येणार नाही. तेव्हा हा विषयच सोडून द्यावा. हे मत आज सुशिक्षितांत फार बोकाळले आहे. व्यवस्था गुंतागुंतीची आहे, असे म्हटले की जणू सर्वांची सुटका होते. आम्हांस हे पटत नाही. कारण असणे, अपराधी असणे आणि उत्तरदायी असणे ह्या तीन भिन्न गोष्टी आहेत. दिवा न जोडला जाण्याचे कारण दोन वस्तूंच्या संबंधात असू शकेल, आणि अपराधी खरोखरच कोणी नसेल. म्हणून उत्तर देण्यास बांधलेलाही कोणी नाही असे ठरत नाही. गावच्या विहिरीचे पाणी कशाने दूषित झाले हे कळले नाही तरी ते स्वच्छ ठेवण्याचे काम ज्याने अंगावर घेतले त्याला उत्तर द्यावेच लागते. ज्याने आमच्या भिंतीवरच्या बटणाची जागा घेणारी वस्तू विकली आणि ती आपल्या दूरच्या सर्व्हरला बांधून ठेवली, त्याने ते काम आपण होऊन अंगावर घेतले आहे. त्या बांधून ठेवण्यात त्याचा फायदाही आहे. दिवा कधी लागतो व कधी विझतो हे त्याला कळते.

कायद्याच्या ध्यानात हे हळूहळू येऊ लागले आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा उपकरणांच्या उत्पादकांना सुरक्षेच्या सुधारणा किती काळ देणार ते आधी जाहीर करणे भाग झाले आणि सर्वांना एकच सोपा पासवर्ड घालून विकण्यास बंदी झाली. आपल्याकडील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु त्यातील हानीच्या व्याख्येतून खुद्द वस्तूची हानी वगळलेली आहे. सदोष मालाची तक्रार अर्थात वेगळी करता येते; पण जो दिवा शेजाऱ्याच्या घरी लागतो आणि आमच्या घरी लागत नाही तो सदोष आहे हे मंचापुढे सिद्ध कसे करावयाचे? कायदा अजून द्रव्यातच दोष शोधतो आहे; संयोगातल्या दोषापर्यंत तो पोचावयाचा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून 'मॅटर' नावाचा एक सामायिक संकेत प्रसिद्ध केला. त्याप्रमाणे चालणारी उपकरणे घरातल्या घरात, बाहेरच्या सर्व्हरला न विचारता आज्ञा ऐकू शकतात. दिशा बरी आहे, एवढेच तूर्त म्हणता येईल.

ह्यावर एक सरळ उपाय पुष्कळांना सुचेल, की हे लचांड घरात आणूच नये. आमचे काही समवयस्क स्नेही हे मोठ्या अभिमानाने सांगतात. ज्याचे हातपाय धड आहेत त्याने तसे खुशाल म्हणावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवा लावण्यासाठी दर वेळी दुसऱ्याला हाक मारावी लागते. त्या हाकेत जे दैन्य असते ते तिऱ्हाइताला कळत नाही. त्याला नुसत्या शब्दाने दिवा लावता आला तर ते चैनीचे काम नव्हे, ते स्वातंत्र्य आहे. परंतु म्हणूनच त्याच्या बाबतीत दिवा न जोडला जाणे हा किरकोळ बिघाडही नव्हे. ज्याला वस्तूची गरज खरी आहे त्यालाच बिघाडाची शिक्षा सर्वांत जबर, आणि दुरुस्तीचे सामर्थ्य सर्वांत कमी. पुण्याच्या त्या घरातही काठी टेकीत अंधारातून कोण गेले ते आपण पाहिलेच.

कंपन्यांनी व कायद्याने जे करावयाचे ते करोत. घरात जे करता येईल ते फार थोडे आहे, पण ते आजच करता येईल. दिवा लागला नाही तर आधी काय बदलले हे विचारावे, कोणी केले हे मागाहून. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसरा पुष्कळदा विचारावाच लागत नाही. आणि विचारला गेलाच असेल, व पुढे तो व्यर्थ ठरला, तर ज्याला विचारला त्याला तसे सांगावे, ज्या आवाजात विचारला त्याच आवाजात. भिंतीवरचे साधे बटण काढून टाकू नये. आमच्या ओळखीचा एक जुना वायरमन असे दिवे बसवावयास जातो तेव्हा मालकाने कितीही सांगितले तरी बटणाची पेटी झाकून देत नाही. आणि जो कोणी असली उपकरणे बसवून परगावी किंवा परदेशी निघून जातो त्याने जाण्यापूर्वी एक कागद लिहून राउटरशेजारी चिकटवावा: वायफायचे नाव काय, कोणता दिवा कशावर चालतो, राउटर बदलला तर काय तपासावे, अडले तर कोणाला फोन करावा, आणि कोणती वायर हलली तरी काही बिघडत नाही. तो कागद मराठीत असावा व अक्षर मोठे असावे. वाचण्याचा प्रसंग यावयाचा तो आजोबांवर, आजींवर, किंवा केर काढता काढता मावशींवर.